जिम लावायच्या आधी तिथल्या मेंबरना काय विचारायचं

जिम लावायची ठरली की आपण सरळ रिसेप्शनवर जातो, तिथली मुलगी सगळं फिरवून दाखवते, मशीन, आरसे, स्टीम रूम, मग खुर्चीत बसवून रेट कार्ड पुढे करते आणि म्हणते आजच्या आज भरलंत तर एवढे कमी. आणि आपण भरतो. या सगळ्यात तिथे रोज येणाऱ्या एकाही माणसाशी आपलं बोलणं झालेलं नसतं. मी पुण्यात दोनदा अशाच जिम लावल्या आणि दोन्ही वेळा पस्तावले, तिसऱ्या वेळी आधी मेंबर गाठले, त्यांना काय आवडतं काय खटकतं ते नीट विचारून घेतलं, आणि त्या जिमला आता चार वर्षं झाली जातेय. ते कसं करायचं तेच इथे सांगते.

सगळ्यात आधी वेळ. तुम्ही ज्या वेळेला जाणार त्याच वेळेला बघायला जा. ऑफिस सुटल्यावर संध्याकाळी ७ ला जाणार असाल तर दुपारी १२ ला बघून काही कळत नाही, दुपारी प्रत्येक जिम मोकळी, थंड आणि स्वच्छ असते. मेंबरची पहिली तक्रार जवळपास नेहमी गर्दीचीच असते. स्क्वॅट रॅक एकच आणि त्याच्यासाठी चार जण उभे, ट्रेडमिल सहा त्यातल्या दोन बंद, लॅट पुलडाउनवर एक जण सेट मारून तिथेच बसून मोबाईल बघतोय. अर्धा तास कोपऱ्यात उभं राहून हे बघा. जानेवारीत गेलात तर गर्दी जास्तच दिसेल, नव्या वर्षाचे संकल्प असतात, मार्चपर्यंत बरीच ओसरते, तेवढं धरून चाला.

आता विचारायचं कुणाला. जो सगळ्यात जास्त वजन उचलतोय त्याला नको, तो बहुतेक ट्रेनरचा मित्र असतो आणि त्याला सगळं छानच वाटतं. व्यायाम उरकून खाली पार्किंगमध्ये गाडी काढत असलेल्या माणसाला विचारा, तिथे लोक मोकळं बोलतात. आणि "कशी आहे हो जिम?" असं विचारू नका, "चांगली आहे" एवढंच उत्तर येतं. "तुमची मेंबरशिप कधी संपतेय, रिन्यू करणार का?" हे विचारा. माणूस एक क्षण थांबला की समजा आता खरं ऐकायला मिळणार. मग पुढचं, गेल्या दोन-तीन महिन्यांत कुठली मशीन बंद पडली आणि किती दिवसांनी दुरुस्त झाली, ट्रेनर शेवटचा कधी बदलला, एसी किती वाजता चालू करतात, पीटी घेतली नाही तर फ्लोअरवर कोणी लक्ष देतं का. तीन-चार जणांना विचारलं तरी चित्र स्पष्ट होतं, आणि एकच तक्रार तिघांनी केली तर ती खरी धरायची.

यातला पीटीचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, त्यावर जरा सविस्तर बोलते. पीटी म्हणजे पर्सनल ट्रेनिंग, त्याचे पैसे वेगळे आणि बऱ्याचदा मूळ फीपेक्षा कितीतरी जास्त. बऱ्याच जिममध्ये ट्रेनरचा पगार कमी ठेवतात आणि पीटीवर इन्सेन्टिव्ह देतात, त्यामुळे त्याला मेंबर पकडत राहावंच लागतं, त्या पोराचा तरी किती दोष म्हणायचा. पण होतं असं की पहिले आठ दिवस तो तुमच्या मागे फिरतो, तुम्ही पीटीला नाही म्हणालात की तुमच्याकडे बघायचं बंद. माझ्या पहिल्या जिममध्ये मी महिनाभर पाठ वाकवून डेडलिफ्ट मारत होते, समोरून तीन ट्रेनर येत-जात होते, एकानेही सांगितलं नाही, शेवटी कंबर धरली तेव्हा कळलं. माझे आजोबा कोल्हापूरला तालमीत जायचे, ते म्हणायचे वस्तादाची नजर हौद्यातल्या प्रत्येक पोरावर असायची, नवीन पोरगा जोर मारताना कोपर कुठे जातंय तेसुद्धा त्याला लांबून दिसायचं. ते मला फार पटतं. जिममध्येही तेच बघा, एखादा नवखा माणूस शोधा, तो चुकीचं करतोय आणि ट्रेनर स्वतःहून उठून त्याच्याकडे जातोय का. जात असेल तर मशीन थोड्या जुन्या असल्या तरी चालतील. ट्रेनरने कुठला कोर्स केलाय हेही विचारायला लाजू नका, के-इलेव्हन (K11) किंवा एसीई अशा फिटनेस ट्रेनिंगच्या संस्थेचं सर्टिफिकेट असेल तर चांगलंच, पण ज्याने पहिल्या दिवशी तुमचं बीपी, गुडघे, जुनं ऑपरेशन हे विचारलंच नाही त्याच्या भिंतीवरच्या सर्टिफिकेटचं मला फारसं काही वाटत नाही.

बायकांनी अजून काही गोष्टी बायकांनाच विचारायच्या. चेंजिंग रूमची कडी नीट लागते का, लेडी ट्रेनर नेमकी किती ते किती असते (बोर्डावर "लेडी ट्रेनर उपलब्ध" लिहिलेलं असतं आणि ती असते फक्त सकाळी), कोणी आरशासमोर व्हिडिओ काढत असेल आणि त्यात आपण येत असू तर मालक बोलतो का. लेडीज बॅच बऱ्याच ठिकाणी दुपारी ठेवतात, नोकरी करणारीला तिचा काही उपयोग नाही. मी ज्या ताईंना विचारलं त्या म्हणाल्या, "इथं एकाने त्रास दिला होता, दुसऱ्या दिवशी त्याची मेंबरशिप बंद." मी तिथेच ठरवलं, हीच जिम.

स्वच्छतेसाठी रात्री ८:३० ला डंबेलचा रॅक बघा. ५, ७.५, १०, १२.५ असे ओळीत लागलेले असतील तर तिथे कोणीतरी काळजी घेतं. बारला प्लेट तशाच लटकलेल्या, घामाने ओले बेंच, कोणी नॅपकिन टाकत नाही, तर समजून जा. मेंबर ज्या गोष्टीला सगळ्यात जास्त वैतागतात ती म्हणजे दुसरे मेंबर, आणि त्यांना प्लेट जागेवर ठेवायला लावणारा माणूस जिममध्ये हवा. आमच्याकडे मालक स्वतः सकाळी ६ ला फ्लोअरवर असतो, जाता-जाता स्वतः प्लेट उचलून ठेवतो, मग बाकीच्यांनाही ठेवाव्याच लागतात.

लोकांना आवडतं काय हे विचारलं तर स्टीम रूम किंवा ज्यूस बार कोणी सांगत नाही हो. घरापासून चालत दहा मिनिटं, हे पहिलं. ट्रेनरला नाव माहीत आहे. दोन दिवस गेलं नाही तर बॅचमधलं कोणीतरी विचारतं, काय, आला नाहीत? आमच्या बॅचला एक साठीचे काका येतात, फक्त सायकल आणि हलके डंबेल करतात, त्यांनी मला सांगितलं घरी बसलो असतो तर दिवसभर कोणाशी बोललो नसतो. त्यामुळे घराजवळची साधी जिम आणि लांबची झगमगाटवाली असा पेच पडला तर डोळे झाकून जवळची घ्या.

प्रोटीनचा डबा ट्रेनर विकत असेल तर लगेच घेऊ नका, डब्यावर एफएसएसएआयचा १४ आकडी लायसन्स नंबर आहे का बघा आणि बिल मागा. आणि कोणी "लवकर बॉडी बनेल" म्हणून इंजेक्शनचं नाव काढलं तर त्या जिममध्ये परत पाऊल टाकू नका, हे मी हात जोडून सांगते, विशेषतः विशीतल्या पोरांना.

आता पैसे. वर्षाचं पॅकेज महिन्याच्या हिशोबाने स्वस्त पडतं हे खरं, पण माझ्या दुसऱ्या जिमला मी वर्षाचे भरले आणि चौथ्या महिन्यात शटर खाली, फोन बंद. माझ्याकडे होती फक्त वहीच्या कागदावरची पावती. तेव्हापासून मी आधी एक महिन्याचं भरते, महाग पडलं तरी. छापील बिल घ्या, त्यावर कालावधी, फ्रीझ म्हणजे मेंबरशिप मध्येच थांबवणं किती दिवस मिळतं (लग्न, आजारपण, गावाला जाणं होतंच), मेंबरशिप दुसऱ्याच्या नावावर होते का, जिम बंद झाली तर उरलेल्या पैशांचं काय, हे लिहून मागा. जिमवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्के झालाय, म्हणजे १२,००० वर आधी २,१६० लागायचे तिथे आता ६००. बिलावर अजून १८ दिसत असेल तर तिथल्या तिथे विचारा, आणि जिमचा जीएसटी नंबरच नसेल तर ते तुमच्याकडून जीएसटी घेऊच शकत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या ऑफरचे स्क्रीनशॉट ठेवा. काही फसवाफसवी झाली तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा, त्यानेही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, फक्त दोन वर्षांच्या आत करायची. मला हे तेव्हा माहीत नव्हतं आणि मी पैसे सोडून दिले.

महिना संपत आला की रिन्यूचा फोन येईलच, वर्षाचं घ्या म्हणतील. तोवर तुम्हीही मेंबर झालेले असता, तेव्हा पार्किंगमध्ये लोकांना विचारलेले तेच प्रश्न स्वतःला विचारा आणि पटलं तर तीन महिन्यांचं भरा. मी चार वर्षं तीन-तीन महिन्यांचंच भरतेय, आणि खाली गाडी काढताना कोणी नवीन माणूस विचारायला आला तर पाच मिनिटं थांबून त्याला सगळं सांगते.