एक्झिमा (इसब) असलेल्या मुलाची आंघोळ आणि तेल-मलम

आंघोळीचं पाणी कोमट हवं, वाफाळतं नको. गरम पाण्याने त्वचेतलं तेल निघून जातं आणि खाज वाढते. पाच ते दहा मिनिटांत आंघोळ उरका. डाळीचं पीठ, उटणं, लिंबू, हळदीचा लेप सगळं बाजूला ठेवा. नैसर्गिक असलं तरी फाटलेल्या त्वचेला ते झोंबतं, आणि घासल्याने चिरा वाढतात. साबण लागलाच तर बिनवासाचा, तोही काखा-जांघांपुरता.

खाज जास्त असेल तर साधे ओट्स मिक्सरमध्ये अगदी बारीक दळा. चमचाभर पूड पेल्यातल्या पाण्यात टाकून पाहा: पाणी दुधाळ झालं तर जमलं, पूड तळाशी बसली तर पुन्हा दळा. आंघोळीच्या बादलीभर पाण्याला तीन मोठे चमचे पुरतात.

मग मऊ पंच्याने टिपून घ्या, अंग ओलसर असतानाच, साधारण तीन मिनिटांत, बिनवासाचं घट्ट क्रीम किंवा पेट्रोलियम जेली लावा. केसांच्या दिशेने, न चोळता. दिवसातून दोनदा तरी. सर्वांगाला लागत असेल तर आठवड्याला पाव किलो क्रीम सहज संपतं. बहुतेक घरी इथेच हात आखडतो. घाण्याचं खोबरेल चालतं, पण आधी कोपराच्या आत दोन-तीन दिवस लावून पाहा. मोहरीचं आणि ऑलिव्हचं तेल मात्र नको, त्याने त्वचेचा थर कमकुवत होतो.

डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइड मलम भीतीने अर्धवट सोडू नका. पिवळी खपली, पू, ताप किंवा दुखऱ्या बारीक फोडांचे झुबके दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.