ब्लॉकचेनवर ट्रान्झॅक्शनचा क्रम फेअर आहे म्हणताय? आधी या चुका टाळा

सांगलीत राहून हळदीचे सौदे लहानपणापासून बघतोय, म्हणून मी आणि मित्राने टेस्टनेटवर (सरावाच्या ब्लॉकचेनवर) बंद बोलीचा सौदा करून बघितला, म्हणजे आधी प्रत्येकाने भावाचा हॅश (भावावरून काढलेला ठसा, जो बघून मूळ भाव थेट कळत नाही) टाकायचा आणि मुदत संपली की खरा भाव उघडायचा, कारण उघडी बोली मेमपूलमध्ये (नोंद व्हायची वाट बघणाऱ्या ट्रान्झॅक्शनच्या यादीत) सगळ्यांना दिसते आणि कोणीही जास्त फी भरून पुढे घुसतो.

पहिलीच चूक मी केली, नुसत्या भावाचा हॅश टाकला. आता क्विंटलचा भाव दहा ते वीस हजारात धरला तर रुपयारुपयाने आकडे होतात १०,००१, मित्राने कॉम्प्युटरला त्या सगळ्या आकड्यांचे हॅश काढायला लावले, एंटर दाबला आणि माझा भाव त्याच्या स्क्रीनवर! त्यामुळे हॅशमध्ये ३२ बाइटचा रँडम आकडा घालाच, दर बोलीला नवा, आणि तो जपून ठेवा, हरवला तर तुमचीच बोली उघडणार नाही.

बोली लावणाऱ्याचा अ‍ॅड्रेससुद्धा (त्याचा ब्लॉकचेनवरचा खाते क्रमांक) हॅशमध्ये हवा, नाहीतर दुसरा तुमचा हॅश जसाच्या तसा कॉपी करतो आणि तुम्ही उघडलं की तोच भाव स्वतःच्या नावावर उघडतो. हरणारा उघडतच नाही, त्यासाठी डिपॉझिट घ्या.

आता सगळ्यात मोठा गैरसमज. मर्कल प्रूफ (ट्रान्झॅक्शन एका ब्लॉकमध्ये, म्हणजे ब्लॉकचेनच्या एका पानात, आहे याचा हॅशवरून दिलेला पुरावा) दाखवून लोक म्हणतात क्रम सिद्ध झाला. अहो, त्यातून एवढंच कळतं की ट्रान्झॅक्शन ब्लॉकमध्ये अमुक जागी आहे, ती तिथे का बसवली हे नाही कळत. टाइमस्टॅम्पचाही उपयोग नाही, इथेरियम ब्लॉकचेनवर तो अख्ख्या ब्लॉकला एकच असतो आणि आतला क्रम ब्लॉक बनवणारा लावतो.

मग नोडना (नेटवर्क चालवणाऱ्या कॉम्प्युटरना) विचारू, आधी कोण आलं? इथेच गंमत आहे, नीट बघा. पहिल्याला तीन ट्रान्झॅक्शन दिसल्या अ, ब, क या क्रमाने. दुसऱ्याला ब, क, अ. तिसऱ्याला क, अ, ब. बहुमताने अ आधी ब च्या, ब आधी क च्या, आणि क आधी अ च्या! कोणीच खोटं बोललेलं नाही तरी गोल फिरतं. २०२० च्या एक्विटास या क्रम ठरवायच्या प्रोटोकॉलमध्ये म्हणून अशा अडकलेल्या ट्रान्झॅक्शन एकाच गठ्ठ्यात धरतात, गठ्ठ्याच्या आत कोण आधी याची हमी देत नाहीत.

आणि नोडची सही म्हणजे तो तसं बोलला याचा पुरावा, त्याला खरंच तसं दिसलं याचा नाही, म्हणून किती नोड प्रामाणिक धरलेत तो आकडा प्रूफच्या शेजारीच लिहा.