औष्णिक वीज केंद्राच्या जनसुनावणीची तयारी गावाने कशी करावी

चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, मौदा, तिरोडा, पारस, नांदगावपेठ ही नावे विदर्भात कोणाला सांगावी लागत नाहीत. कोळसा इथल्या जमिनीखाली असल्यामुळे वीज केंद्रेही इथेच उभी राहिली आणि जुन्या केंद्रांच्या शेजारी नवे वीजनिर्मिती संच उभारण्याचे प्रस्ताव आजही येत असतात. अशा प्रस्तावाची जनसुनावणी आपल्या तालुक्यात लागली, तर ग्रामपंचायतीने आणि शेतकऱ्यांनी काय करावे, याची ही माहिती आहे.

सुरुवातीला एक गोष्ट मनाशी पक्की करावी. केंद्रात तयार झालेली वीज ४०० किंवा ७६५ केव्ही (किलोव्होल्ट) दाबाच्या वाहिन्यांवरून बाहेर पडते आणि ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिण विभाग जोडला गेल्यापासून संपूर्ण देशाचे ग्रीड, म्हणजे वीजवाहिन्यांचे जाळे, एकच आहे. त्यामुळे "चिमणी आमच्या गावात आणि भारनियमनही आमच्याच गावात" हे दुःख कितीही खरे असले, तरी सुनावणीत त्याला एकच उत्तर मिळते : वीज ग्रीडला जाते, गावाचा पुरवठा हा वितरण कंपनीचा विषय आहे. या उत्तरापुढे बोलणे खुंटते आणि वेळ वाया जातो. वीज निघून जाते, पण राख, धूर, पाण्याची उचल आणि कोळशाची वाहतूक इथेच राहते. आपले सारे प्रश्न या चार गोष्टींवर रोखलेले असावेत.

१४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार ही सुनावणी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आयोजित करते आणि जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी दर्जाहून कमी नसलेला त्यांचा प्रतिनिधी तिचे अध्यक्षस्थान भूषवतो. सुनावणीची सूचना वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाल्यापासून लोकांना किमान तीस दिवस मिळालेच पाहिजेत. सूचनेचे कात्रण तारखेसह जपून ठेवावे, कारण मुदतीचा वाद उद्भवल्यास तोच पुरावा ठरतो. प्रकल्पाच्या पर्यावरणावरील परिणामांच्या अहवालाचा मसुदा आणि त्याचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र आणि मंडळाचे प्रादेशिक कार्यालय येथे पाहायला मिळतो. मंडळाच्या संकेतस्थळावरही सारांश ठेवलेला असतो. मात्र केवळ सारांशावर विसंबू नये. त्यात बहुतेक बाबी "मर्यादेच्या आत" असतात आणि ज्या तक्त्यांवरून तसे म्हटले आहे, ते तक्ते मूळ अहवालात असतात. मूळ अहवाल इंग्रजीत असला, तरी तक्त्यांतील आकडे आणि गावांची नावे बारावीला विज्ञान शिकणारा मुलगा किंवा मुलगी सहज वाचून दाखवू शकते.

तक्ते उघडल्यावर पहिल्यांदा आपल्या गावाचे नाव शोधावे. प्रकल्पाभोवतीच्या दहा किलोमीटर परिसरात हवा, पाणी, माती आणि आवाज यांची मोजणी ठराविक ठिकाणी केलेली असते आणि ती साधारणपणे पावसाळा वगळून एकाच हंगामातील तीन महिन्यांची असते. वारा कोणत्या दिशेने किती वेळ वाहिला हे दाखवणारी पाकळ्यांची आकृती त्याच प्रकरणात असते. वारा ज्या बाजूला वाहून जातो, त्या बाजूच्या गावात मोजणीचे ठिकाण आहे की नाही, एवढे एक जरी पडताळले, तरी नेमकी हरकत हाती लागते. धूलिकणांच्या आकड्यांपुढे राष्ट्रीय मानक लिहून पाहावे : दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांसाठी चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे आणि अडीच मायक्रॉनपर्यंतच्या कणांसाठी ६०. संच सुरू होण्यापूर्वीच आकडा मर्यादेला टेकलेला असेल, तर नव्या चिमणीची भर कुठे बसणार, हा प्रश्न तिथेच तयार होतो.

यानंतर कागद घेऊन हिशेब मांडावा. ६६० मेगावॅटचा एक संच चोवीस तास पूर्ण क्षमतेने चालला, तर १ कोटी ५८ लाख ४० हजार युनिट वीज होते. युनिटमागे साधारण ६५० ग्रॅम कोळसा धरला, तर दिवसाला दहा हजार टनांहून अधिक कोळसा लागतो. आपल्याकडच्या कोळशात राखेचे प्रमाण बहुधा तीस ते चाळीस टक्के असते; पस्तीस टक्के धरले, तरी रोज सुमारे ३,६०० टन राख निघते. अहवालातील आकडे या हिशेबाशी जुळतात का, ते पाहावे आणि फरक मोठा असल्यास कारण विचारावे.

राखेवर सर्वाधिक वेळ द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण शेतकऱ्याचे नुकसान सर्वांत आधी तिच्यामुळे होते. राख उडाली की ती तुरीच्या पानाच्या मधल्या शिरेत बसते, फुटलेल्या बोंडातील कापसाला करडी झाक येते आणि असा माल घेऊन गेलेल्या शेतकऱ्याला व्यापारी सांगेल तो भाव मुकाट्याने घ्यावा लागतो. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने राखेचा शंभर टक्के वापर बंधनकारक केला आहे. म्हणून "राखेचा वापर केला जाईल" या वाक्यावर समाधान न मानता वर्षाला किती टन, कोणत्या कामासाठी, कोणत्या रस्त्याने आणि बंद वाहनातून की उघड्या ट्रकमधून, असे विचारावे. विस्ताराचा प्रकल्प असेल, तर जुन्या संचांची साठलेली राख किती आहे आणि ती केव्हा उचलणार, हेही विचारावे. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राच्या खसाळा येथील राख साठवण्याच्या बंधाऱ्याला भगदाड पडले आणि राखमिश्रित पाणी शेतांतून व नाल्यांतून नदीपर्यंत गेले, हे विसरून चालणार नाही. बंधाऱ्याच्या तळाला अस्तर कोणते, पावसाळ्यापूर्वी त्याची तपासणी कोण करणार, तो फुटल्यास खालच्या गावांना इशारा कसा मिळणार आणि भोवतालच्या विहिरींचे पाणी किती महिन्यांनी तपासणार, हे चार प्रश्न प्रत्येक सुनावणीत विचारले गेले पाहिजेत.

पाण्याबाबत स्रोत आणि उन्हाळा या दोनच बाबी धराव्यात. २०१७ नंतरच्या संचांना एका मेगावॅट-तासामागे ३ घनमीटर पाण्याची मर्यादा आहे. त्या हिशेबाने ६६० मेगावॅटचा संच रोज पावणेपाच कोटी लिटरपर्यंत पाणी घेऊ शकतो. २०१० च्या उन्हाळ्यात इरई धरणात पाणी नसल्यामुळे चंद्रपूरचे संच बंद ठेवावे लागले होते. अशा वर्षी पिण्याच्या पाण्याला आणि ओलिताला प्राधान्य कसे राहील, ते लेखी मागावे. सांडपाणी प्रक्रिया केंद्रापासून पन्नास किलोमीटरच्या आतील वीज केंद्रांनी प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरावे, असे २०१६ चे केंद्रीय वीजदर धोरण सांगते. नागपूरचे असे पाणी कोराडीला दिले जाते, त्यामुळे ही मागणी अव्यवहार्य आहे असे कोणी म्हणू शकत नाही.

धुराच्या बाबतीत एक ताजा बदल लक्षात घ्यावा. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने देशातील बहुतांश कोळसा केंद्रांना धुरातील गंधक काढणाऱ्या यंत्रणेच्या सक्तीतून सूट दिली. दहा लाखांहून अधिक लोकवस्तीच्या शहरांपासून दहा किलोमीटरच्या आतील केंद्रांवर मात्र बंधन कायम आहे. प्रस्तावित संच कोणत्या गटात मोडतो आणि सूट मिळाली तरी ती यंत्रणा बसवणार का, याचे उत्तर सरळ हो किंवा नाही असे मागावे.

सुनावणीपूर्वी विशेष ग्रामसभा घेऊन मागण्यांचा ठराव करावा आणि तो मंडळाच्या कार्यालयात देऊन पोच घ्यावी. व्यक्तिगत हरकती वेगळ्या लिहाव्यात. गट क्रमांक, पीक, विहिरीचे केंद्रापासूनचे अंतर आणि तारीख असलेली छायाचित्रे जोडलेली अर्ध्या पानाची हरकत दहा पानी निवेदनाहून अधिक कामाची असते. एकाच मजकुरावर शंभर सह्या घेण्यापेक्षा दहा शेतकऱ्यांनी दहा वेगळे प्रश्न वाटून घेतलेले केव्हाही चांगले. नोकरीचा प्रश्न जरूर विचारावा, पण "स्थानिकांना प्राधान्य" हे शब्द स्वीकारू नयेत. किती पदे, कोणत्या आयटीआय शाखांची, कायम की कंत्राटी, असे उत्तर घ्यावे.

सुनावणीच्या दिवशी मराठीतच बोलावे आणि उत्तरही मराठीत मागावे. इथे मतदान होत नाही आणि गणपूर्तीची अटही नाही, त्यामुळे घोषणांच्या आवाजाने काही ठरत नाही. जे इतिवृत्तात उतरते, तेच प्रस्तावाची छाननी करणाऱ्या दिल्लीतील तज्ज्ञ समितीपुढे जाते. बोलताना नाव, गाव आणि प्रश्न क्रमाने सांगावा आणि उत्तर मोघम वाटल्यास "याची नोंद घ्यावी" असे अध्यक्षांना म्हणावे. संपूर्ण कामकाजाचे चित्रीकरण बंधनकारक आहे. शेवटी इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवावे लागते, त्यानंतरच अध्यक्षांची सही होते. लोक नेमके याच वेळी घरी निघतात. प्रत्येक गावातील किमान दोघांनी वाचन संपेपर्यंत थांबावे आणि सुटलेला मुद्दा तिथेच जोडून घ्यावा.

प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी मिळाल्यास तिच्या अटींची प्रत ग्रामपंचायतीने मिळवावी. तिच्याविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात तीस दिवसांत अपील करता येते, त्याचे पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्याला आहे. पुरेसे कारण दाखवल्यास आणखी साठ दिवसांपर्यंत सवलत मिळू शकते. अपील करायचे नसले, तरी अटींच्या पूर्ततेचा सहामाही अहवाल कंपनीला दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो. तो मागवून घ्यावा, सुनावणीत मिळालेल्या उत्तरांशी ताडून पाहावा आणि जिथे तफावत दिसेल, तिथे मंडळाच्या उपप्रादेशिक अधिकाऱ्याकडे अट क्रमांकासह लेखी तक्रार करावी.