वाय-फायला चॅनल ३ देणाऱ्यांनो, या चुका टाळा

नाशिकमध्ये अंबडच्या कारखान्यांमधली ऑफिसं असोत, कॉलेज रोडचे क्लास असोत की इंदिरानगरातले फ्लॅट, तक्रार एकच: "भाऊ, रेंज फुल दाखवतंय, पण नेट चालत नाही." आधी इंटरनेटवाल्याला शिव्या, मग महागडा प्लॅन, मग नवा राऊटर, आणि सगळं करून झाल्यावर मला फोन. मी पोहोचलो की शिडी मागत नाही, मोबाईलवर चॅनल बघतो, म्हणजे वाय-फाय हवेतल्या कोणत्या नंबरच्या कप्प्यात बोलतंय ते. बहुतेक वेळा तिथेच घोळ सापडतो.

प्रत्येक एपीला वेगळा आकडा

गंगापूर रोडच्या एका क्लासची गोष्ट. तीन मजले, सहा अ‍ॅक्सेस पॉइंट (वाय-फाय सोडणारे डबे), म्हणजे आमच्या बोलीत एपी. रविवारी दहा वाजता ऑनलाइन टेस्ट सुरू झाली की पाच मिनिटांत सगळ्या टॅबवर चकली फिरायला लागायची. आधीच्या मुलाने स्विच बदलला, केबल बदलली, शेवटी पाचाचे सहा एपी केले. त्रास वाढला. त्याला विचारलं, चॅनल काय ठेवलेत? छाती फुगवून म्हणाला, "१, ३, ५, ७, ९, ११. सगळे वेगळे, सर. एकमेकांत येणारच नाहीत."

इथेच गंडतं. २.४ गिगाहर्ट्झ या वाय-फायच्या रेडिओ पट्ट्यात चॅनलचे आकडे ५ मेगाहर्ट्झच्या अंतरावर आहेत, पण एक सिग्नल जागा खातो २० मेगाहर्ट्झ. म्हणजे ३ नंबर हा १ वरही पसरतो आणि ६ वरही. एकमेकांना न लागणारे चॅनल मोजून तीन: १, ६ आणि ११.

"पण मग दोन एपी एकाच चॅनलवर येतील ना?" येऊ देत. रविवारी सकाळी मिसळीच्या हॉटेलाबाहेर रांग असते तसं समजा. एका चॅनलवरचे एपी एकमेकांचं बोलणं ऐकतात, थांबतात, नंबर आला की बोलतात. उशीर होतो, पण प्लेट मिळते. चॅनल ३ वाला मात्र दोन रांगांच्या मध्ये उभा राहतो. त्याचं बोलणं १ वाल्यांना कळत नाही आणि ६ वाल्यांनाही नाही. दोघांनाही ऐकू येतो तो नुसता गोंगाट. डेटाची पाकिटं खराब होतात, पुन्हा पाठवावी लागतात, आणि रांग आणखी लांबते.

मी काय केलं? सहावा एपी काढून मालकांच्या हातात दिला. मधल्या मजल्यावरच्या एकाचं २.४ बंद केलं. उरलेल्या चौघांना १, ६, ११, १ दिले. दोन्ही १ वाले इमारतीच्या दोन टोकांना. ५ गिगाहर्ट्झवर, म्हणजे वाय-फायच्या दुसऱ्या पट्ट्यात, पाचही जणांना स्वतंत्र चॅनल मिळाले: ३६, ४०, ४४, ४८, १४९, रुंदी २० मेगाहर्ट्झ. तिथे २० ची रुंदी ठेवली तर हे आकडे खरोखरच वेगळे असतात. पाऊण तासात काम संपलं. बिल बघून मालक म्हणाले, "नुसते आकडेच बदललेत ना?"

पॉवर फुल

नवशिक्यांचं हे दुसरं व्यसन. एपीचा आवाज मोठा केला तरी मोबाईलचा आवाज तेवढाच राहतो. एपी तिसऱ्या मजल्यावरून ओरडतो, मोबाईलला वाटतं हाच जवळचा, आणि त्याचं उत्तर काही वर पोहोचत नाही. डोक्यावर दुसरा एपी असताना पोरं लांबच्याला चिकटून बसतात, आणि तो मोठा आवाज शेजारच्या ऑफिसच्या रांगेतही घुसतो. माझी सवय: २.४ ला १० ते १२ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप), ५ ला त्याहून चारपाच जास्त. ३ डीबी कमी म्हणजे ताकद निम्मी, हे लक्षात ठेवून थोडं थोडं उतरवा आणि प्रत्येक वेळी खोल्यांतून फिरून बघा. फिरायचा कंटाळा असेल तर या धंद्यात पडू नका.

बाकीच्या, भराभर

२.४ वर रुंदी ४०: अख्खी पंगत एकट्याने अडवल्यासारखं. २० च ठेवा.

भर दुपारी तपासणी: सोसायटीतले लोक कामावर असतात, हवा मोकळी दिसते. मी रात्री नऊनंतर जातो.

ऑटोवर भरवसा: बरेच राऊटर सुरू होतानाच चॅनल निवडतात. पावसाळ्यात लाईट जाऊन आली की अख्ख्या बिल्डिंगचे राऊटर एकदम उठतात आणि एकाच चॅनलवर जाऊन बसतात. मी हाताने देतो आणि आकडा डब्यामागे मार्करने लिहितो.

चॅनल १३ रिकामा दिसला म्हणून घेणं: हे मीही केलंय. अमेरिकेतून आणलेल्या एका लॅपटॉपला ते नेटवर्क दिसेचना.

केबल ओढायचा कंटाळा म्हणून रिपीटर (वाय-फाय पकडून पुढे सोडणारा डबा): तो तेच बोलणं त्याच चॅनलवर दुसऱ्यांदा बोलतो. स्पीड अर्धा होणारच.

मागच्या महिन्यात त्याच क्लासमधून पुन्हा फोन. टेस्ट पुन्हा अडकतेय. गेलो तर एपी सगळे जागच्या जागी, पण हवेत एक नवं नाव, चॅनल ८ वर. ऑफिसात आणलेला प्रिंटर स्वतःचं वाय-फाय सोडून बसला होता. त्याला केबल लावली, त्याचं वाय-फाय बंद केलं. या वेळी पैसे मात्र आधीच सांगितले होते.