बोली जिंकलात, विक्रेता कुठाय?

ऑनलाइन लिलावातला विक्रेता दिसेनासा झाला की लगेच ‘फसवलंन’ म्हणू नका. कमिशन, कुरिअर वजा जाता उरतं काय, म्हणून बरेच जण गाशा गुंडाळतात. कधी तक्रारींमुळे खातं बंद होतं, कधी बाजारच उठतो. ईबे इंडिया ही लिलावाची साइट २०१८ साली अशीच बंद झाली.

खरा धोका वेगळा. सावंतवाडीच्या गंजिफांचा, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचा, एक जुना संच मी बोलीत जिंकलो, तर मेसेज आला: ‘साइटवर नको, थेट यूपीआय करा, दोनशे कमी घेतो.’ मी नाही म्हटलं. चार दिवसांत खातंच गायब! बाहेर पैसे दिलेत की साइट हात वर करते. गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. चॅटचे स्क्रीनशॉट मात्र आधीच काढून ठेवा.