ऑफ-रोड गाडी घेताना इंजिन कसं निवडावं

माहितीपत्रकात सगळ्यात ठळक छापलेला आकडा पॉवरचा असतो, आणि ऑफ-रोड गाडी निवडताना सगळ्यात कमी उपयोगाचाही तोच. दगडांवरून गाडी चढवताना वेग ताशी तीन-चार किलोमीटर असतो. कमाल पॉवर इंजिनाच्या दर मिनिटाला ज्या फेऱ्यांवर मिळते तिथपर्यंत इंजिन अशा वेळी पोचतच नाही. तिथे कामाला येतो कमी फेऱ्यांवरचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, आणि तो चाकापर्यंत किती पट होऊन जातो हा हिशेब. पेट्रोल की डिझेल हा लाडका वाद म्हणूनच मी मुद्दाम मागे ठेवला आहे.

पायरी 1 : वर्षभराचा वापर लिहून काढा

शहरात किती, हायवेला किती, कच्च्या वाटेवर किती. गाडीत माणसं आणि सामान किती, मागे ट्रेलर असणार का, उंच डोंगरी भागात जाणं होईल का, आणि दोन पेट्रोल पंपांमधलं सगळ्यात लांब अंतर किती. हे कागदावर लिहाच. नुसता मनात हिशेब केला, की आपण दर शनिवारी डोंगरात जाणारा माणूस होऊन बसतो.

पायरी 2 : आधी गिअरिंग, मग इंजिन

पहिल्या गिअरचं गुणोत्तर, लो रेंजचं (वेग कमी करून जोर वाढवणाऱ्या जादा गिअरचं) गुणोत्तर आणि अ‍ॅक्सलचं गुणोत्तर या तिघांचा गुणाकार करा. इंजिनाचा टॉर्क चाकाशी किती पट होतो ते त्यातून कळतं. इंग्रजीत याला क्रॉल रेशो म्हणतात. सुझुकीच्या मॅन्युअल जिम्नीचं गणित पाहा : 4.425 गुणिले 2.002 गुणिले 4.09, म्हणजे साधारण 36. तिच्या दीड लिटरच्या पेट्रोल इंजिनाचा टॉर्क जेमतेम 130 न्यूटन-मीटर, तोही 4000 फेऱ्यांवर. तरीही ती भल्याभल्यांना दमवते, कारण तिचं वजन टनाच्या थोडंच वर आहे आणि लो रेंज खरीखुरी आहे. जीपच्या मॅन्युअल रँग्लर रुबिकॉनमध्ये हाच गुणाकार 84 च्या घरात जातो.

आता खरी गोम. इंजिन बदललं की बऱ्याचदा गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सलही बदलतात. रँग्लरला काही वर्षं मिळणारं 3 लिटर डिझेल 600 न्यूटन-मीटर टॉर्क द्यायचं, पण ते फक्त ऑटोमॅटिकसोबत यायचं आणि अ‍ॅक्सल 3.73 गुणोत्तराचे असायचे. ज्याला क्लच स्वतःच्या पायाखाली हवा होता, त्याच्यासाठी विषय तिथेच संपायचा. म्हणून दोन इंजिनांची तुलना करताना दोन पूर्ण संच समोर ठेवा. आणि गाडीला लो रेंजच नसेल, तर खड्या दगडी चढावर मोठं इंजिन ती उणीव भरून काढेल या आशेवर राहू नका.

पायरी 3 : टॉर्क कुठून कुठपर्यंत, ते वाचा

फक्त कमाल टॉर्क पाहू नका, तो किती फेऱ्यांपासून किती फेऱ्यांपर्यंत टिकतो ते शोधा. इनिऑस ग्रेनेडियर यासाठी छान उदाहरण आहे, कारण तीच गाडी बीएमडब्ल्यूच्या दोन 3 लिटर इंजिनांमध्ये येते. पेट्रोल 286 पीएस (पॉवरचं माप) आणि 450 न्यूटन-मीटर, 1750 ते 4000 फेऱ्यांपर्यंत. डिझेल 249 पीएस आणि 550 न्यूटन-मीटर, 1250 ते 3000 पर्यंत. दगड, ओढ्याचं पात्र, चिखलातून संथ चढण, सामानाने भरलेली गाडी : इथे डिझेल आरामात पुढे जातं. वाळूच्या टेकड्यांवर मात्र चाकं वेगाने फिरत राहावी लागतात, इंजिन वरच्या फेऱ्यांत मोकळं पळावं लागतं, आणि तिथे पेट्रोलची मजा वेगळीच असते.

टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) आणि बिनटर्बो यांच्यातही असाच डाव आहे. रँग्लरचं 2 लिटर टर्बो पेट्रोल 3000 फेऱ्यांवर 400 न्यूटन-मीटर देतं, 3.6 लिटरचं व्ही-सिक्स 4800 वर 353. कागदावर टर्बो जिंकलं. पण अगदी कमी फेऱ्यांवर टर्बो अजून जागं व्हायचं असतं. पाय थोडा जास्त दाबावा, क्षणभर काहीच होत नाही आणि मग सगळा जोर एकदम येतो. दगडाच्या कडेवर चाक तोलून धरलेलं असताना हा उशीर नकोसा वाटतो. बिनटर्बो इंजिन पायाच्या हालचालीला सरळ उत्तर देतं. उंचीवर मात्र फासे उलटे पडतात. 3000 मीटरवर हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे पाव हिश्शाने विरळ असते आणि बिनटर्बो इंजिनाचा दम जवळपास तेवढाच कमी होतो. टर्बो ती तूट बरीचशी भरून काढतं. वारंवार उंचावर जाणार असाल तर एवढं एक कारणही पुरेसं आहे.

पायरी 4 : डिझेल घेण्याआधी सायलेन्सरच्या वाटेवर काय बसवलंय ते पाहा

ऑफ-रोड म्हटलं की डिझेल, हे समीकरण जुन्या इंजिनांच्या काळातलं. त्यातला इंधन बचतीचा भाग अजून खरा आहे : एका लिटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा दहा टक्क्यांच्या आसपास जास्त ऊर्जा असते, इंजिनही ती जास्त चांगली वापरतं, त्यामुळे त्याच टाकीत गाडी लांब जाते. पंप दूरदूर असतील तर हा मोठा फायदा.

पण आजच्या डिझेल गाडीत काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ असतो. साठलेली काजळी जाळायला त्यात साधारण 600 अंश सेल्सिअस तापमान लागतं. शहरात दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्या किंवा तासन्‌तास लो रेंजमध्ये रांगणं, दोन्हीत एक्झॉस्ट तेवढा तापत नाही. मग गाडी जास्तीचं इंधन फवारून तो तापवायला बघते. ही क्रिया पुन्हा पुन्हा अर्धवट राहिली तर न जळलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरू शकतं, फिल्टर तुंबतो आणि इंजिन पॉवर आवरून घेतं. काजळी जाळणं चालू असताना गाडी वाळक्या उंच गवतात उभी करणं तर सरळ आगीला आमंत्रण. काही गाड्यांत धूर स्वच्छ करायला युरियाचं द्रावणही भरावं लागतं, ते उणे 11 अंशांवर गोठतं. शिवाय या यंत्रणांना कमी गंधकाचं डिझेल लागतं. दुर्गम भागात बॅरलमधून मिळणाऱ्या डिझेलची खात्री कोण देणार?

माझं मत स्पष्ट आहे. पायरी 1 च्या कागदावर शहर जास्त आणि लांबचा हायवे कमी निघाला, तर डिझेलचा नाद सोडा. महिन्यातून अनेकदा लांबचा प्रवास, ट्रेलर किंवा जड सामान असेल, तर डिझेलच घ्या.

डिझेल पाण्यातही चालतं, या भरवशावर तर मुळीच राहू नका. आताच्या डिझेललाही सेन्सर आणि वायरिंग आहे, आणि हवेच्या वाटेने सिलेंडरमध्ये पाणी शिरलं तर कुठल्याही इंजिनाचे कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेले दांडे) वाकू शकतात.

पायरी 5 : हायब्रिड आणि इलेक्ट्रिक

विजेची मोटर शून्य फेऱ्यांपासून पूर्ण टॉर्क देते, त्यामुळे दगडांवर तिच्याइतका ताबा कुठल्याच इंजिनाने मिळत नाही. मर्सिडीजच्या जी 580 ला प्रत्येक चाकाची वेगळी मोटर आहे आणि ती 850 मिलिमीटर पाण्यातून जाते. वजन मात्र तीन टनांच्या वर, आणि मऊ वाळूत ते जाणवणारच. दुसरी अडचण साधी आहे : डिझेल कॅनमधून सोबत नेता येतं, वीज नाही. चार्जर जवळ असलेल्या ट्रॅकसाठी उत्तम, लांबच्या मोहिमेसाठी अजून नाही. प्लग-इन हायब्रिड (इंजिन आणि बाहेरून चार्ज होणारी बॅटरी दोन्ही असलेली गाडी) घेताना बॅटरी संपल्यावर गाडी कशी चढते, ते चालवून पाहा.

पायरी 6 : नेमका तोच संच चालवून पाहा

जे इंजिन आणि जो गिअरबॉक्स घेणार आहात, तोच मागा. दुसरा दाखवत असतील तर थांबा. चार माणसं बसवा, एसी चालू करा. लो रेंज आणि पहिला गिअर टाकून चढावर थांबा, मग शक्य तितक्या हळू निघा. मॅन्युअलमध्ये अ‍ॅक्सिलरेटरला हात न लावता, म्हणजे पाय न लावता, नुसत्या क्लचवर गाडी हलते का? पुढच्या चाकासमोर फूटपाथची कड येईल अशी गाडी लावा आणि धक्का न देता चाक वर चढवा. टर्बोचा उशीर इथे लगेच पायाला कळतो. उतारावर ब्रेक सोडून बघा, गाडी पहिल्या गिअरवर आवरते की पळत सुटते.

बुकिंगची रक्कम देण्याआधी त्याच संचाचं ओनर्स मॅन्युअल मागून घ्या. त्यात पाण्यात उतरण्याची कमाल खोली, ट्रेलरची मर्यादा, पेट्रोलचा लागणारा ऑक्टेन किंवा डिझेलमधल्या गंधकाची मर्यादा, आणि खडतर वापरासाठी ऑइल बदलण्याचं वेगळं अंतर दिलेलं असतं. पुढे विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारं यंत्र) बसवायचा असेल तर पुढच्या अ‍ॅक्सलवर किती भार चालतो तेही त्यातच शोधा. डिझेल इंजिन बहुतेक वेळा जास्त जड असतं, त्यामुळे विंचसाठी उरलेली मुभा दोन्ही इंजिनांत सारखी नसते.