युद्धोत्तर जर्मन पदकांची संग्रहमूल्ये कशी ठरवावीत

प्रथम पदकावर स्वस्तिक, म्हणजे नाझी राजवटीचे चिन्ह, आहे की नाही, ते पाहावे. पश्चिम जर्मनीने २६ जुलै १९५७ रोजी केलेल्या कायद्यानुसार माजी सैनिकांना दुसऱ्या महायुद्धातील पदके स्वस्तिकाविना वापरण्याची मुभा मिळाली; त्यामुळे लोहक्रॉस (आयर्न क्रॉस) या क्रूसाच्या आकाराच्या शौर्यपदकाच्या मध्यभागी ओकची पाने आली, खालच्या भुजेवरील १९३९ हा आकडा मात्र तसाच राहिला. ही अधिकृत आवृत्ती असल्याने तिला बनावट म्हणणे अन्यायाचे ठरेल. ल्यूडेनशाइडच्या श्टाइनहाउअर उंड ल्यूक यांसारख्या जुन्या उत्पादकांनी घडवलेले या आवृत्तीचे जुने नमुने संग्राहक आवडीने घेतात, तरी युद्धकालीन अस्सल पदकाची किंमत त्यांना सहसा येत नाही.

स्वस्तिक असलेली युद्धोत्तर प्रतिकृती मूळ म्हणून विकली जात असेल, तर सावध राहावे. भिंगाखाली लोहक्रॉसची बाहेरची चौकट आणि आतला गाभा यांचा सांधा तपासावा. एकसंध ओतकाम, बुडबुड्यांचे खड्डे आणि बोथट झालेले आकडे स्वस्त नकलेची चाहूल देतात. गाभा चुंबकाला चिकटला म्हणून हुरळून जाऊ नये, कारण नकलाकारही लोखंड वापरतात. फीत अतिनील प्रकाशात लख्ख चमकल्यास ती बहुधा युद्धानंतरची असते, पण फीत बदललेलीही असू शकते.